वहिनीचं पित्त

माझी वहिनी पोहायला शिकवते. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सार्वजनिक तलाव आहे. निळ्या फरशीचा, एका कडेला बसायच्या पायऱ्या, दुसऱ्या कडेला कपडे बदलायच्या खोल्या. त्या खोल्यांना बाराही महिने ओल्या टॉवेलांचा आणि क्लोरीनचा वास येतो आणि वहिनीच्या केसांनाही तोच. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा आईने मला हळूच विचारलं होतं, "ही कुठला गं साबण वापरते?"

तलावावरची पोरं तिला 'शिट्टी' म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. गळ्यातली शिट्टी ती क्वचितच वाजवते. वाजलीच तर ज्याने काही केलेलं नाही तोसुद्धा निमूट कडेला येऊन उभा राहतो. घरात आम्ही चौघं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, फ्रिज दुरुस्त करतो. आई घर सांभाळते आणि आम्हा सगळ्यांनाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. चौघांत कुरकुर करायची सवय सगळ्यात जास्त मला आणि सगळ्यात कमी वहिनीला. म्हणून एकदा संध्याकाळी भांडी आवरता आवरता ती ओट्याला धरून वाकली, तेव्हा मला आधी वाटलं, काहीतरी खाली पडलंय आणि ती शोधतेय.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाळी यायची असेल."

आणि दुसऱ्या दिवशी पाळी आलीच. सगळ्यांचा अंदाज चुकला तो तिथेच.

पुढे हे नेहमीचं झालं. एखादा महिना सुटायचा, मग पुढच्या महिन्यात दोन्हींची वसुली एकदम व्हायची. पाळीच्या आदल्या दिवशी, कधी पहिल्याच दिवशी, उजवीकडे बरगड्यांखाली कळ यायची. आली की ठाण मांडून बसायची. मागून वर चढत उजव्या खांद्यापाशी जायची. मळमळ, घाम, धड बसवत नाही की आडवं होववत नाही. मग तास-दोन तासांनी बटण बंद करावं तशी निघून जायची, आणि वहिनी उठून राहिलेली भांडी घासायला घ्यायची.

पाळीच्या वेळी दुखतं म्हणजे पाळीचं दुखतं. इतका सरळ हिशेब कोण कशाला तपासून बघतो? आई गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची. वहिनी ती बरगड्यांखाली धरायची. आई काढून ओटीपोटावर ठेवायची. "अगं, इथे ठेव. पाळीचं इथे दुखतं." आईची पाठ वळली की पिशवी पुन्हा वर. त्या ओढाताणीचं आम्हाला हसू यायचं, कळ ओसरल्यावर वहिनीलाही यायचं.

दादाचं म्हणणं होतं, गॅस असणार. त्याच्या धंद्यात निम्म्या दुखण्यांचं मूळ गॅसच असतं. वहिनी कळ सोसत म्हणाली, "तुमच्या फ्रिजमध्ये तो कमी पडतो, माझ्यात जास्त झालाय, होय ना? मग काढून घ्या आणि भरा तिकडे." आई म्हणायची, "पित्त आहे ते. चहा कमी कर." वहिनीने चहा कमी केला. पित्त काही कमी झालं नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी बरं वाटेना, तेव्हा ती बायकांच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे तिने स्वतःच सांगितलं, "पाळीच्या वेळी पोटात दुखतं." त्यावरून त्यांनी खालच्या पोटाची सोनोग्राफी करून घेतली. गर्भाशय ठणठणीत निघालं. आम्ही सगळे खूश झालो, वहिनी सोडून. घरी येताना ती मला म्हणाली, "काही नाही म्हणतात. मग दुखतं ते काय?"

त्यानंतर तिने दुखण्याचं बोलणंच सोडलं. जी बाई थंडीत, अंधार पुरता सरायच्या आत पाण्यात उतरते, ती मला एकदा म्हणाली, "मीच नाजूक झालेय का गं?" मी तिचा टॉवेल वाळत घातला.

तलावावर सकाळी बायकांची एक बॅच असते. नव्यानेच पोहायला शिकणाऱ्या, बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्यात एक निवृत्त नर्स होत्या. सगळी बॅच त्यांना सिस्टर म्हणायची. जन्मभर वॉर्ड सांभाळलेल्या, आवाज खणखणीत, पण पाण्यात तोंड घालायचं म्हटलं की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. "मॅडम, एवढं सोडून काहीही सांगा," असं त्या वहिनीला रोज सांगायच्या. वहिनीही रोज म्हणायची, "घाई नाही सिस्टर. आज नुसती हनुवटी भिजवा."

त्या दिवशी पाळी यायला झालेली होती, म्हणून वहिनी पाण्यात उतरली नव्हती. हातात लांब काठी घेऊन कडेवरून शिकवत होती. आदल्या संध्याकाळी तलावावरच्या एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता आणि आग्रह करकरून तिला तळलेलं भरपूर खाऊ घातलं होतं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या बॅचमधल्या प्रत्येकीकडून वेगवेगळं ऐकलं आहे. सगळ्यांचं जुळतं ते एवढंच: काठी फरशीवर पडल्याचा आवाज झाला, आणि वळून बघतात तर वहिनी पायऱ्यांवर दुमडून बसलेली.

सिस्टर सगळ्यांच्या आधी बाहेर आल्या. पाण्यातून बाहेर यायला त्या नेहमीच पहिल्या असायच्या, पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. निथळत तशाच त्या वहिनीपाशी जाऊन बसल्या. 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणणं, दोन्ही पाण्यातच राहिलं.

"कुठे दुखतंय?"

"पाळीचं आहे, सिस्टर. दर महिन्याचंच आहे. जाईल."

"कशाचं ते मी विचारलं नाही. कुठे, ते विचारलं. हात ठेव."

वहिनीने हात ठेवला. उजवीकडे, बरगड्यांखाली.

"मागे कुठे जातं?"

"खांद्यापर्यंत."

"दर वेळी इथेच?"

"इथेच. गरम पाण्याची पिशवीसुद्धा मी इथेच धरते. सासूबाई खाली सरकवतात."

सिस्टरांनी तिथे आपला हात टेकवून पाहिला. मग म्हणाल्या, "सोनोग्राफी केलीस?"

"केली ना. गर्भाशय चांगलं आहे."

"गर्भाशय चांगलं असू दे. पित्ताशय कोणी बघितलं?"

वहिनी म्हणते, आपल्याला पित्ताशय आहे हे तोवर मी विसरूनच गेले होते. शाळेत त्याची आकृती काढली होती, हिरव्या खडूने रंगवली होती, तेवढीच काय ती ओळख.

"मी डॉक्टर नाही," सिस्टर म्हणाल्या, "आणि मी काही ठरवून सांगत नाही. पण पाळीचं दुखणं एवढं वर चढत नाही. आज दाखवायचं. उद्या नाही."

वहिनी म्हणाली, कळ जाईल, नऊची बॅच आहे. त्यावर सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. एकीने ऑफिसात जाऊन नऊची बॅच रद्द करवली. एकीने वहिनीचे कपडे आणि पिशवी आणली. एकीने दादाला फोन करून इतकं घाबरवलं की तो कोणाच्यातरी फ्रिजचं दार तसंच उघडं टाकून, खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन इस्पितळात हजर झाला. सिस्टर ओल्या पोहायच्या पोशाखावर साडी गुंडाळून रिक्षात बसल्या. इस्पितळाच्या बाकावर त्या बसल्या होत्या तिथे नंतर पाण्याचं तळं झालं होतं, असं दादा अजून सांगतो.

या वेळी सोनोग्राफी वरच्या पोटाची झाली. सर्जन एक बाई होत्या, बारीक आवाजाच्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी पडदा वहिनीकडे वळवून दाखवला. पेरूएवढीही नसलेली एक पिशवी आणि तिच्या तळाशी बारीक खडे.

"यकृतात तयार झालेलं पित्त इथे साठतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही तेलकट-तुपकट खाल्लंत की ही पिशवी आवळते आणि पित्त पुढे ढकलते. खडा तोंडाशी अडकला की कळ येते. सुटला की जाते."

"म्हणजे नळीत कचरा अडकतो आणि पंप उगाच जोर लावतो," दादा म्हणाला.

"जवळजवळ तसंच."

वहिनी अजून पडद्यावरच्या खड्यांकडेच बघत होती. मग तिने विचारलं, "पण मग पाळीच्याच वेळी का? खडे तर महिनाभर असतातच ना? का हे माझ्या मनाचे खेळ आहेत?"

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. "मनाच्या खेळांचे खडे होत नाहीत. पाळीच्या आधी शरीरातली हार्मोन्स वरखाली होतात. त्यांचा परिणाम नुसता गर्भाशयावर नाही, पित्ताशयावरही होतो. त्याची हालचाल मंदावू शकते. काही बायकांना नेमका त्याच दिवसांत हा त्रास होतो. सगळ्यांना नाही. असं का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण तुम्ही सांगताय ते खरं आहे."

ऑपरेशन करावं लागेल हे ऐकून वहिनी रडली नव्हती. हे ऐकून रडली. दादाला वाटलं पुन्हा कळ आली, तो उठून धावायच्या बेतात होता. तिने त्याचा हात धरून खाली बसवला.

घरी ही बातमी कळल्यावर आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणत होते, पित्त आहे." आता यावर कोण काय बोलणार? दादा म्हणाला, "आई, तू म्हणालीस चहा कमी कर." "मग? कमी केला त्याने काही वाईट झालं का?" वहिनी इतकी हसली की डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, याची मला आठवण करून द्यावी लागली.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. आदल्या दुपारी सिस्टर येऊन तिच्याजवळ बसल्या आणि काय काय होईल ते सगळं त्यांनी समजावून सांगितलं. भूल कशी देतात, जाग आल्यावर घसा का दुखतो, खांद्यात वारा भरल्यासारखं वाटलं तर घाबरायचं नाही, उठून दोन पावलं चालायचं. वहिनीला खोल पाण्याची कधी भीती वाटली नाही, पण भूल म्हटल्यावर तिचे हात गार पडले होते. सिस्टरांनी ते दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि बोलत राहिल्या. पुढे जाग आल्यावर सगळं त्यांनी सांगितल्याबरहुकूम झालं. वहिनी म्हणते, त्यामुळे दुखलं तरी ते ओळखीचं वाटलं.

घरी आल्यावर आईने तेलाची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्त पथ्य आम्हा सगळ्यांनाच लावलं. बॅचमधल्या बायका आळीपाळीने दुपारी यायच्या. तलावावर वहिनीच्या जागी तरुण शिक्षक आला होता. त्याच्यासमोर तोंड बुडवायला लाज वाटते, म्हणून या सगळ्या कडेला धरून उथळ पाण्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. "मॅडम, लवकर या, आम्ही पोहायच्या ऐवजी चालायला शिकलो," असं एकीने सांगितलं तेव्हा वहिनीने हसता हसता पोटावर उशी दाबून धरली, टाके होते ना.

मग वाट पाहणं सुरू झालं. बोलून कोणी दाखवत नव्हतं, पण पाळीचे दिवस जवळ आले तसे आम्ही सगळे तिच्याकडे चोरून बघायला लागलो. आई स्वयंपाक करता करता थांबायची. दादा विनाकारण पाणी हवंय का विचारायचा. वहिनी स्वतः खुर्चीत बसताना नकळत उजव्या बाजूला हात धरायची.

एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आली," ती म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्या बरगड्यांकडे बघत राहिलो.

"मग?" आईने विचारलं.

"मग काही नाही. नुसती पाळी आली." आणि हे 'नुसती' ती असं म्हणाली की जणू तिला कोणी बढती दिली होती. दुपारी ओटीपोटात थोडं दुखलं, चारचौघींना दुखतं तसं. त्याचंही तिला कौतुक. संध्याकाळी ती आम्हा सगळ्यांबरोबर जेवली आणि जेवण झाल्यावर कितीतरी वेळ तशीच गप्पा मारत बसून राहिली. आधी या दिवसांत तिला हे जमत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. जेवली की ती कळेची वाट बघायची आणि आम्हाला दिसू नये म्हणून कामाला लागायची.

आधीच्या डॉक्टरांवर तिचा राग नाही. "मी पाळीचं सांगितलं, त्यांनी पाळीचं बघितलं," एवढंच ती म्हणते. एकदा ती सिस्टरांचे आभार मानायला लागली, तर त्यांनी हात झटकला. "आभार कसले मानतेस? उजेडात बसलो होतो, तू हात ठेवलास, मी बघितलं."

आता सिस्टर सुट्टीच्या दिवशी आमच्याकडेच जेवतात. त्यांचा मुलगा दूर असतो, घरात त्या एकट्याच. आईचं आणि त्यांचं मिठावरून, तेलावरून, औषधांवरून दर वेळी वाजतं आणि दोघींनाही त्याशिवाय करमत नाही. गेल्या आठवड्यात सिस्टरांनी दोन दिवस फोन उचलला नाही, तर वहिनी तलावावरून परतेपर्यंतही आईला दम निघाला नाही. चपला घालून ती स्वतःच त्यांच्या घरी जाऊन बघून आली. सर्दी झाली होती, आणि फोन चार्ज करायचा राहिला होता.