मामांचा फीड आणि मंठ्याचे मास्तर

आज सकाळी मोबाईलवर तुम्ही जे वाचलंत ते तुम्ही स्वतः निवडलं होतं, की कुणीतरी तुमच्या ताटात वाढलं होतं? खरं सांगा. मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे, स्वतः छापून चौकात वाटलेल्या कागदावर माझा विश्वास आहे. पण हा प्रश्न सभेत विचारला की सगळे खाली बघतात. त्यांत मीही असतो. अख्ख्या जालना जिल्ह्यात ताठ मानेनं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस मला माहीत आहे, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. जाफराबादच्या बसस्टँडसमोर त्यांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे आणि त्यांच्याइतका स्वतंत्र वाचक या भूमीवर दुसरा झालेला नाही.

मामांनी फीड म्हणजे काय ते समजावलं नाही असं गिऱ्हाईक तालुक्यात सापडणं कठीण. झेरॉक्स निघेपर्यंत ते समोरच्याचा मोबाईल मागून घेतात, त्यात रीडर, म्हणजे फीड वाचायचं ॲप, टाकून देतात आणि म्हणतात, "हे बघा, वेबसाईटवर नवं काई आलं की तिथं एक यादी तयार होते. मथळा, तारीख, पत्ता. तुमचा रीडर जाऊन ती यादी घेऊन येतो. तुमचं नाव कुणी विचारत न्हाई, मधी कुणी बसलेला न्हाई. बिलकुल फुकट." माणूस आधारकार्डाची प्रत घ्यायला आलेला असतो, तो जाताना गावाच्या फीडचा सभासद होऊन जातो. हा गावाचा फीड मामा रोज सकाळी अगरबत्ती लावल्यावर हातानं लिहितात. पाणी कधी येणार, कुठली बस रद्द झाली, कुणाकडे साखरपुडा, कोण वारलं. जुनी नोंद ते कधीच काढत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कागद जुना झाला म्हणून खोटा होतो का रे?" एका बड्या कंपनीनं आपला फुकटचा रीडर बंद केला होता, त्या दिवशी मामांनी दुपारपर्यंत शटर उघडलं नव्हतं म्हणतात. मी माझ्या पत्रकांचं पान एका ॲपवर चालवतो आणि ते पान किती जणांना दाखवायचं हे ॲप ठरवतं. मामा मला त्यावरून टोचतात, "मोर्चा तुझा, अन् परवानगी त्यांची!"

पण एवढ्या स्वतंत्र माणसाचंही एक भांडण होतं, तेही फीडवरूनच. मंठ्याला त्यांचे वर्गमित्र राहायचे, गणिताचे मास्तर. दोघांनी मिळूनच हे वेड लावून घेतलेलं. मुळात हे तंत्रच भावकीसारखं वाढलेलं आहे. आधी आरएसएस आलं, म्हणजे फीड लिहायची पहिली पद्धत, नागपूरशी तिचा काही संबंध नाही. त्याच्या आवृत्त्या करणाऱ्यांचं एकमेकांशी पटेना, त्या तीन अक्षरांचा अर्थही दर वेळी वेगळा. मग कंटाळून काही जणांनी ॲटम नावाची नवी, काटेकोर पद्धत काढली. सातासमुद्रापलीकडचं हे भांडण आमच्या जिल्ह्यातही आलं. मामा आरएसएसचे. "सोपं हाय, चालून राह्यलंय, कशाला हात लावायचा?" मास्तर ॲटमचे. त्यात प्रत्येक नोंदीला तारीख हवी, कधीही न बदलणारा ओळखक्रमांक हवा. एका लग्नाच्या पंगतीत मास्तर म्हणाले, "तुझा फीड तुझ्यासारखाच ढिला हाय, दुकानदार." मामा जिलेबी ताटात ठेवून उठले. त्यानंतर अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत.

या अकरा वर्षांत मामा रोज मास्तरांचा फीड उघडत. त्यात गणिताची कोडी असत, पावसाच्या नोंदी असत. मामा ती कोडी पाठकोऱ्या कागदावर सोडवत आणि गल्ल्याखाली ठेवून देत. फोन करा म्हटलं की उसळत, "तो माझं वाचत नसंल, मंग मीच का?" फीडची गंमत अशी की कोण वाचतं हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. वाचकाचं जे स्वातंत्र्य मामा गावभर सांगत फिरले, त्यानंच त्यांना आतून पोखरलं होतं.

शेवटी एका सकाळी, कुणाला न सांगता, मामांनी आपला फीड ॲटममध्ये बदलला. ही त्यांची माफी होती. पण माफीच्या घाईत त्यांनी सगळ्या जुन्या नोंदींना नवे ओळखक्रमांक दिले आणि तारीख टाकली आजची. रीडर बिचारा क्रमांकावरून जुनं-नवं ओळखतो. त्यानं गावाची सगळी वर्षं एकदम ताजी करून लोकांपुढे ठेवली. बंद झालेली बस धरायला माणसं फाट्यावर उभी राहिली. टेंभुर्णीला एका घरी संध्याकाळी चार पाहुणे टोपी-टॉवेलाचा आहेर घेऊन साखरपुड्याला पोचले. दार त्याच नवरीच्या मुलीनं उघडलं. ती एव्हाना बालवाडीत जात होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिव्यांचा पाऊस चालू असताना जालन्याहून येणाऱ्या एसटीतून मास्तर उतरले. दोन बस बदलून आलेले, सदरा घामानं भिजलेला. पायरीवरूनच ओरडले, "अरे दुकानदारा, क्रमांक बदलत नसतेत! किती डाव सांगितल्तं तुला?"

मामा खुर्चीतून उठले. "तू… वाचतो व्हय माझं?"

"रोज. चहाच्या आधी. तुमच्या गावाला पाणी कधी येतंय ते मला मंठ्यात बसून पाठ हाय."

मामांनी गल्ल्याखालचा गठ्ठा काढला आणि मास्तरांपुढे ठेवला. मास्तरांनी चष्मा लावला, पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला. म्हणाले, "तिसरं चुकलंय." मग दोघांनी संध्याकाळपर्यंत एकाच कीबोर्डवर भांडत सगळे जुने क्रमांक परत बसवले. गिऱ्हाइकांना त्या दिवशी मीच झेरॉक्स काढून दिल्या.

त्यानंतर दर गुरुवारी मास्तर यायचे. दोन वर्षं आले. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या निधनाची नोंद मामांनी स्वतः लिहिली, मास्तरांच्याच पद्धतीत, आणि क्रमांक तीनदा तपासला. मला म्हणाले, "ही नोंद परत कुणाकडं नवी होऊन जाता कामा नये." मास्तरांचा फीड त्यांच्या यादीत अजून आहे. सकाळी चहाच्या आधी ते तो उघडतात. नवं काही नसतं. "दोन वर्षं मिळाली, बरं झालं," ते म्हणतात, आणि चहा ओतून घेत, "अकरा गेली."

माझं एक ऐका. कुणाचं तरी लिखाण तुम्ही वर्षानुवर्षं गुपचूप वाचत असाल. कुठलंही ॲप ते त्याला सांगणार नाही, निदान खरं तरी नाही. तेव्हा हा कागद खाली ठेवलात की त्या माणसाला एक ओळ लिहा: मी वाचतो. आजच लिहा.