रिकामी यादी

आमचे हे हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवायचे. मी तिथेच वॉर्डात नर्स. ह्यांना सरमिसळीचा भारी तिटकारा. मिठाचा चमचा साखरेत गेला तरी कपाळाला आठ्या! जुना सगळा प्रोग्रॅम एकसंध होता. ह्यांनी तो तोडून लहान लहान सेवा केल्या, म्हणजे सुटे सुटे छोटे प्रोग्रॅम. औषधांची वेगळी, अ‍ॅलर्जीची वेगळी, बिलांची वेगळी. "एकीच्या पोटात काय चाललंय ते दुसरीला कळायची गरजच नाही. विचारायचं, उत्तर घ्यायचं, झालं!" असं सांगताना चेहरा इतका फुलायचा की मला हसूच यायचं.

मग ती मुलगी आली. बेशुद्ध, सोबत कुणी नाही. पिशवीत आमच्याच हॉस्पिटलचं जुनं कार्ड होतं, त्यावरून तिची नोंद उघडली. पडद्यावर 'अ‍ॅलर्जी: नाही'. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं, मी टोचलं. बघता बघता तिचा घसा सुजला, ओठ निळे पडले. धावाधाव करून वाचवली, पण घशात श्वासाची नळी घालून ठेवावी लागली. तिची आई आली ती ओरडतच, "मागच्या वेळी इथेच सांगितलं होतं, हिला पेनिसिलिन चालत नाही म्हणून!" झालं. खापर माझ्या डोक्यावर. कामावरून थांबवलं, चौकशी लावली. माझी नर्सची नोंदणीच रद्द व्हायची वेळ आली.

ह्यांनी कॉम्प्युटरमधल्या नोंदी उपसल्या. त्या दुपारी जेवताना ह्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"अगं, यादी रिकामी आली होती."

"म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असंच ना?"

"नाही गं. अ‍ॅलर्जीची सेवा तेव्हा बंद पडली होती. उत्तरच आलं नव्हतं. पडदा अडकला की डॉक्टर ओरडायचे, म्हणून मी मध्ये एक थर घातला होता. उत्तर नाही आलं तर रिकामी यादी द्यायची."

"आणि रिकामी यादी म्हणजे पडद्यावर 'नाही'?"

ह्यांनी मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, आधी सगळे एका घरात होते, हाक मारली की ऐकू जायची. तुम्ही प्रत्येकाला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलंत. फोन लागला नाही तर काय, हे कुणी बघायचं?"

"मला वाटलं, मध्ये भिंत घातली की दोन्ही कामं सुटी होतात," हे पुटपुटले. "पण अ‍ॅलर्जी बघितल्याशिवाय औषध देताच येत नाही. ती कधी सुटी नव्हतीच."

"हे चौकशीत सांगाल?"

"सांगतो."

चौकशीच्या खोलीत अध्यक्षबाईंनी ह्यांना विचारलं, "त्या वेळी यंत्रणेत काही बिघाड होता?"

हे टेबलाकडे बघत राहिले. नोकरी, नाव, इतक्या वर्षांची मेहनत, सगळं त्या एका उत्तरावर होतं. बाई जरा थांबल्या, मग लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "यंत्रणेत बिघाड नाही."

माझा तोल सुटला. "बाई, ते 'नाही' म्हणाले नाहीत! गप्प बसलेत नुसते! परत विचारा!"

बाईंनी पेन खाली ठेवून परत विचारलं.

"होता," हे म्हणाले. "तो थर मीच लिहिला."

मी पुन्हा वॉर्डात आहे. मुलगी घरी गेली, आवाज अजून घोगराच आहे म्हणे. आता उत्तर नाही आलं की पडदा लाल होऊन 'माहीत नाही' दाखवतो, आणि डॉक्टर ओरडतात. ओरडू देत. ह्यांचं काम काढून घेतलं, घरीच असतात. मी चहा देते, इकडचं तिकडचं बोलते. पण मी मध्ये ओरडले नसते तर तुम्ही बोलला असता का, हे विचारायला अजून जीभ रेटत नाही. विचारलं आणि हे गप्पच राहिले, तर मी काय समजू?