दालचिनी तुळशीचं बी

मखमलाबादच्या नवसाबाईंच्या मळ्यात मेथी, कोथिंबीर, पालक आणि बांधाच्या कडेने झेंडू, असा ठरलेला कारभार होता. त्यात दालचिनी तुळस शिरली ती सुनेच्या पर्समधून. सून मंजुषा दिंडोरी रोडच्या एका रोपवाटिकेत कामाला. तिथे कुणीतरी मागवून मग न नेलेलं बियांचं पाकीट तिने घरी आणलं.

"आई, ही बाहेरच्या देशातली तुळस. पान चुरगाळलं की म्हणे दालचिनीचा वास येतो."

"तुळशीला दालचिनीचा वास? मंजू, कोणीतरी गंडवलं तुला!" नवसाबाई हसल्या. पण बी हाताला लागलं की ते मातीत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मेथीच्या वाफ्याशेजारी त्यांनी ते विसकटून टाकलं.

रोपं गुडघ्याला लागली तेव्हा एका सकाळी पाणी धरताना त्यांच्या लुगड्याचा घोळ एका झुडपाला घासला आणि असा घमघमाट सुटला, की त्यांनी हातातलं फावडं तिथेच टाकलं. पान तोडलं, चोळलं, नाकाशी नेलं. खरंच दालचिनी! मागून किंचित लवंगेसारखं काहीतरी, आणि सगळ्याच्या तळाशी तुळसच.

"आवो, इकडं या! लवकर या!" त्यांच्या हाकेने नवरा खंडेराव साप निघाला समजून काठी घेऊन धावत आले. नवसाबाईंनी चुरगाळलेलं पान त्यांच्या नाकाखाली धरलं. खंडेरावांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग म्हणाले, "हे चहात टाकून बघितलं पाहिजे."

त्या दिवसापासून नवसाबाईंना नवं वेडच लागलं. गुळाच्या चहात चार पानं. लिंबाच्या सरबतात ठेचलेली मंजिरी. गव्हाच्या सांज्यात तुपावर परतलेली पानं, हा मात्र प्रयोग फसला, सांजा कडवट झाला आणि गायीला गेला. पंचवटीच्या बाजारात त्या भाजीच्या पाट्यांबरोबर थर्मास नेऊ लागल्या. शेजारी बसणारी कुसाबाई पहिला घोट घेऊन म्हणाली, "मसाला कोणता घातला गं?" नवसाबाईंनी पदराखालून एक जुडी काढून तिच्यासमोर धरली, तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पोरीसारखा फुलला होता. पुढे पुढे मेथीच्या आधी तुळशीच्या जुड्या संपायला लागल्या.

जास्त पानं यावीत म्हणून मंजिऱ्या खुडायच्या, हे त्यांना ठाऊक होतं. बियांसाठी म्हणून त्यांनी कोपऱ्यातली थोडी झाडं तेवढी राखली. त्यांच्या मंजिऱ्या अजून हिरव्या होत्या आणि तेवढ्यात थंडी आली. निफाडकडे द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटल्या. मळ्यात सकाळी पालक तगला होता, मेथी तगली होती. तुळस मात्र उकडून काढल्यासारखी काळी पडून लोंबत होती.

नवसाबाईंनी कोपऱ्यातल्या झाडांच्या मंजिऱ्या चोळून पाहिल्या, त्यांत बी भरलंच नव्हतं.

मंजुषाने रोपवाटिकेत विचारलं. ते बी पुन्हा आलंच नव्हतं. मोबाइलवरून मागवलं. पाकिटावर चित्र तेच, पण उगवला तो साधा सब्जा. नवसाबाईंनी त्याची पानं चोळून चोळून पाहिली आणि पाकीट चुलीत टाकलं.

मग एका दुपारी कोथिंबीर निवडताना त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "मंजू! येवल्याची भिमाबाई!"

भिमाबाई म्हणजे पैठणी विणणारी. मंजुषाच्या लग्नातली पैठणी तिच्याच मागावरची. दिवाळीआधी नाशिकला आली असताना तिने मळ्यातलं एक रोप पत्र्याच्या डब्यात लावून नेलं होतं. फोन लावला तर लागेना. दुसऱ्या दिवशी नवसाबाईंनी सुनेला सुट्टी काढायला लावली आणि दोघी येवल्याच्या एसटीत चढल्या. अख्ख्या वाटेत नवसाबाईंचं एकच, "घरात हाय ना रोप, मागाजवळ. तिथं कशाला लागतीय थंडी?"

भिमाबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि विषय निघताच कपाळाला हात लावला. "नवसाबाई, ते तर कधीच वाळलं हो. डबा रिकामा केला मी."

मंजुषाने सासूकडे पाहिलं नाही. हातातला पेला नवसाबाईंनी हळूच खाली ठेवला.

"पण वास लय ग्वाड होता," भिमाबाई सांगत राहिल्या. "वाळल्या काड्या टाकवेनात. मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवल्या, पैठण्यांच्या खाली. कसर लागत नाय, न् घडी उलगडली की गिऱ्हाईक विचारतं, अत्तर कोणतं?"

"काड्या मंजिरीसकट?" नवसाबाई पुढे सरकल्या.

"सकट."

पुढचं सगळं तिघींनी एकदमच केलं. पैठण्या एकीकडे झाल्या, मलमलीची गाठ सुटली, खाली परात आली. नवसाबाईंनी वाळल्या मंजिऱ्या तळहातावर चोळल्या, हलकी फुंकर मारली. भुसा उडाला आणि परातीत बारीक काळं बी टपटपलं. "बी हाय! मंजू, बी हाय!" म्हणत त्यांनी भिमाबाईंना मिठीच मारली.

तरी एक धाकधूक होतीच. रोप मळ्यात होतं तेव्हा जवळच घरची तुळस होती, शेजारच्या मळ्यात सब्जा होता. मधमाश्यांनी काय मिसळलं असेल कोण जाणे. रोपं वर आली, खरी पानं फुटली, तशा नवसाबाई वाफ्यात उकिडव्या बसून एकेका रोपाचं पान चोळू लागल्या. पहिलं, सब्जा. दुसरं, सब्जा. तिसऱ्याला वासच नाही. खंडेराव बांधावरून विचारत होते, "काय म्हणतंय?" त्या पुढच्या रोपाकडे सरकत होत्या. ओळीच्या मध्यावर मात्र त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि तशाच थांबल्या. मग मोठ्यांदा ओरडल्या, "आली! दालचिनी आली!"

वाफ्यातली निम्मीशिम्मी रोपं तशी निघाली. बाकीची त्यांनी उपटली. यंदा पहिल्याच मंजिऱ्या न खुडता पिकू दिल्या, आणि रोपं एकट्या मळ्यात ठेवली नाहीत. एक डबा एसटीने येवल्याला गेला. एक कुसाबाईच्या अंगणात. एक लेकीकडे, पल्लवीकडे, सटाण्याला. परवा पल्लवीचा फोन आला. तिच्या सासूबाईंनी सगळ्या गल्लीला चहा पाजला होता आणि आता प्रत्येकीला रोप हवं होतं.

"दे म्हणावं," नवसाबाई फोनवर जवळजवळ ओरडतच होत्या, "फांदी पाण्यात ठेव, मुळ्या फुटतील. सगळ्यांना दे!"