कानबाईच्या गाण्यातली सरलाबाई

गोडादऱ्यातल्या दगा आबांनी एकतीस वर्षं लूमच्या कारखान्यात काढली. तिथे शंभर माग एकदम धडधडतात; कानाशी ओरडलं तरी शब्द पोहोचत नाही. म्हणून कारागीर समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून गप्पा हाणतात. आबा त्यात वस्ताद. चार माग पलीकडे शेठला कोण शिवी देतंय, ते बिनचूक सांगत.

पौषात त्यांची बायको सरलाबाई गेली आणि आबांना एकच ध्यास लागला, तिचा आवाज पुन्हा ऐकायचा. गल्लीतल्या बायकांची कानबाई देवीची गाणी एका हौशी माणसाने स्टुडिओत नेऊन ध्वनिमुद्रित केली होती. त्यांत मुख्य गाणारी सरलाबाईच. ती गाणी आता एका अ‍ॅपवर मिळत होती.

मुलगी नूतनने मोबाइलवर लावून दिली. आबा कुरकुरले, "निसता ढोल वाजस. तुना मोबाइल हलका शे."

नाचता येईना, अंगण वाकडं! पण बिचाऱ्या नूतनलाही तेच पटलं. ती हाय-रेझोल्यूशन आवाजाच्या मागे लागली. अ‍ॅपची वरची वर्गणी भरली. ब्लूटूथवर बारकावे गळतात म्हणून तारेचा हेडफोन आणला, मोबाइल आणि हेडफोनच्या मध्ये जोडायला आवाज सुधारणारा काडेपेटीएवढा डॅक घेतला. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वरचा दर्जा निवडला.

रविवारी दुपारी आबा हेडफोन चढवून, डोळे मिटून बसले. गाणं संपलं.

"ढोल झकास शे," ते म्हणाले. "पन तुनी माय कोठे शे?"

नूतनने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. ओळ उचलण्याआधी आईने घेतलेला श्वाससुद्धा त्यात होता. तिला रडू फुटलं. ओढणीत तोंड खुपसून ती म्हणाली, "आबा, माय गाई राहिनी ना!"

"काय?"

ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. आबा नुसते पाहत राहिले. तिने ओढणी बाजूला करून तेच हळू म्हटलं, तेव्हा त्यांना लगेच कळलं. आणि मग दुसरंही कळलं. कान कधीच गेले होते; ढोलासारखा जाड आवाज तेवढा पोहोचत होता. घरातही आबा इतकी वर्षं फक्त ओठ वाचत होते.

ते हेडफोनची तार बोटांभोवती गुंडाळू लागले.

"दवाखानामा तिना तोंडवर मास्क व्हता," ते म्हणाले. "माले वाटनं, धाप लागेल शे. ती बोले का त्यामा?"

नूतनला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"रोज बोले, आबा. 'माले घर लई चाला' म्हने. तुम्ही 'हा, हा' म्हनीसन मान हालाडेत. माले वाटे, तुम्ही तिनी समजूत काढतस."

"मंग?"

"मंग ती माले घर जावासाठे पिशवी भराले लावे."