युरकोनिसांचं बिनजोड कार्ड

ब्रॉडहिलमधल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तरणी पोरं फिलाडेल्फियाकडे पांगली आणि बर्नी शिम्कोच्या कॅमेऱ्याच्या दुकानात फोटो धुवायला येणारं कुणी उरलं नाही. पण खेळाडूंची छापील चित्रं असलेली, हौशी लोक जपून ठेवतात ती जुनी बेसबॉल कार्डं तपासणारा म्हणून त्याचं नाव लांबवर झालं होतं. कार्ड अस्सल की बनावट हे बर्नीनं सांगावं आणि बाजारानं मान डोलवावी. मग एकदा त्याचा पाय घसरला. जगात दुसरी प्रत नसलेल्या एका कार्डाला त्यानं ‘अस्सल’ म्हणून सही दिली, आणि वर्षभरानं ते ओहायोतल्या कुणा भामट्यानं गॅरेजमध्ये छापलेलं निघालं. पुढे कार्डांच्या बाजारात तो दिसला की लोक हात पुसायचा कागद त्याच्यापुढे धरून विचारायचे, “बर्नी, हा अस्सल आहे का रे?” दुधानं तोंड पोळलेल्या बर्नीनं मनाशी ठरवून टाकलं, ताडून बघायला जोड नसेल तर सही नाही.

अशात एका दुपारी व्हेरोनिका युरकोनिस दुकानात आली. सत्तरी उलटलेली, उभा जन्म शर्टांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढलेला. लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावासोबत, कॅझीसोबत राहायची. अख्खं गाव तिला मिस व्हेरा म्हणायचं. तिनं प्रार्थनेच्या पुस्तकातून एक कार्ड काढून काचेवर ठेवलं.

कार्डावर एक कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू होता. मुखवटा काखेत, टोपी मागे सारलेली, खाली छापलेलं ‘युर्किन्स, ब्रॉडहिल’. मागच्या बाजूला गेलसच्या बेकरीची जाहिरात.

“आमचे बाबा,” ती म्हणाली. “पावाबरोबर ही कार्डं वाटायचे तेव्हा. नाव लिहिणाऱ्यानं माती खाल्ली, पण माणूस तोच. मी रांगत होते तेव्हा खाणीचं छत कोसळलं त्यांच्यावर. त्यांचा दुसरा फोटो नाही.”

गावातल्या जुन्या बंबखान्यात बेसबॉलचं छोटं संग्रहालय व्हायचं होतं. बाबांचं कार्ड तिथे लागावं एवढी एकच इच्छा म्हाताऱ्या कॅझीची उरली होती. समितीनं सांगितलं होतं, बर्नीचा दाखला आणा.

बर्नीनं दार लावलं. भिंगाखाली रंगाचे थेंब पाहिले. जुन्या दगडी छपाईत पडतात तसेच होते. जांभळ्या दिव्याखाली धरलं. नवा कागद चमकतो, हा मेल्यासारखा पडून राहिला. कडा, जाडी, वास, सगळं जिथल्या तिथे होतं. अस्सल होतं ते. त्याबद्दल त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती.

“मग?” मिस व्हेरानं विचारलं.

“कागद त्याच काळचा आहे.”

“मग?”

“छपाईपण तेव्हाचीच दिसतेय.”

“अरे, मग घोडं पेंड कुठं खातंय?”

“याला जोड नाही, मिस व्हेरा. गेलसनं कार्डं काढली होती हेच कुणाला ठाऊक नाही. मी कशाशी ताडून बघू?”

“माझ्याशी ताड. हे नाक बघ माझं.”

नाक खरंच तेच होतं, वरून सरळ आणि टोकाला चपटं. बर्नीनं नजर खाली घातली. “नाकावर दाखला देता येत नाही हो.” आणि त्यानं कागदावर लिहिलं, ‘मत देता येत नाही.’

बर्नीच्या लेखी याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा होता. गावानं तो ‘खोटं आहे’ असा घेतला. समितीनं कार्ड परत केलं. कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॅझी आला की कुणीतरी ओरडायचं, “काय कॅझी, आता आजीचं छापून आण! ती पिचर होती ना?” एकदा बर्नीही तिथेच बसला होता. लोक हसले. कॅझीनं त्याच्याकडे पाहिलं, बर्नीनं आपल्या ग्लासात पाहिलं. त्यानंतर कॅझीनं बारची पायरी चढणंच सोडलं.

हिवाळ्यात कॅझी गेला. अंत्यदर्शनाला बर्नी रांगेत उभा राहिला. शवपेटीजवळ गेला तेव्हा कॅझीच्या कोटाच्या वरच्या खिशातून कार्डाचं टोक डोकावत होतं. बर्नी मिस व्हेराकडे वळला.

“मिस व्हेरा, ते... ते बाहेर काढा ना. तुमच्याकडे दुसरा फोटो नाही.”

“बाबांचा चेहरा आठवणारा तो एकटाच होता,” ती म्हणाली. “मला कुठे आठवतो? मला ते कार्डच आठवायचं. आणि आता तेही खोटं ठरलंय. जाऊ दे त्याच्याबरोबर. वर तरी कुणी त्याला दाखला मागणार नाही.”

तेव्हाही त्याला म्हणता आलं असतं, खोटं नाहीये हो, मला ठाऊक आहे. मागून लोक सरकत होते. तो पुढे सरकला. झाकण लागलं.

दोन-एक वर्षं गेली असतील. गावातलं एक पडकं घर पाडताना भिंतीच्या पोकळीत जुने पेपर सापडले आणि त्यांत एक कार्ड. मुखवटा काखेत, टोपी मागे. न्यूयॉर्कच्या रेनर नावाच्या व्यापाऱ्यानं ते विकत घेतलं आणि तपासायला कुणाकडे आणलं, तर बर्नीकडेच.

बर्नीनं कार्ड भिंगाखाली धरलं. “अस्सल आहे,” तो म्हणाला. “मी याची जोड पाहिली आहे.”

रेनरचा चेहरा पडला; दुसरी प्रत असली की भाव उतरतो. “कुठे आहे ती?”

“इथल्या दफनभूमीत. एका माणसाच्या खिशात.”

रेनर खुशीत हसला. “मग ती ‘ज्ञात’ कशी म्हणायची, शिम्को साहेब? लिहा ना, ‘एकमेव ज्ञात प्रत’. आणि खाली तुमची सही.”

बर्नीनं आधी जोडीबद्दल एक ओळ लिहिली होती. ती त्यानं खोडली, कागद बदलला आणि सही केली. जे कार्ड नाकारलं, त्याच्याच बळावर ही सही दिली, हे त्याला त्याच वेळी कळत होतं.

बंबखान्यातल्या संग्रहालयाला रेनरनं ते कार्ड उन्हाळ्यापुरतं दिलं. उद्घाटनाला गाव लोटलं. कुणीतरी मिस व्हेराला हाताला धरून काचेपुढे आणलं. बारमध्ये हसणारेच आता सांगत होते, “हिचा बाप आहे बरं का! आम्ही तेव्हाच म्हणत होतो.”

रेनर अदबीनं पुढे झाला. “बाई, खेळाडूची ओळख पटली तर फार बरं होईल. हे तुमचे वडील ना? तुम्ही म्हणालात की पुरे.”

मिस व्हेरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. काचेला नाक टेकेल इतकी ती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. तिच्या श्वासानं काचेवर धुकं धरलं, विरलं, पुन्हा धरलं.

“नाही,” ती म्हणाली. “माझा बाप खाणीत काम करायचा. त्याला कुठला वेळ खेळायला? हा कोण आहे, मला नाही माहीत.”

खोलीत कुजबूज झाली. रेनर बर्नीकडे वळला. बर्नी भिंतीकडे पाहत राहिला. ती बाहेर पडली तसा तो मागोमाग धावला आणि उतारावर त्यानं तिला गाठलं.

“मिस व्हेरा, असं का केलंत? तुमचेच बाबा आहेत ते!”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

“पहिल्या दिवसापासून ना? तुझ्या तोंडावर दिसत होतं, मेल्या. मी शिवणकाम केलंय आयुष्यभर, आंधळी नव्हते. कॅझीला म्हणाले मी, बर्नीला पटलंय, लिहील तो. कॅझी रोज विचारायचा, लिहिलं का गं बर्नीनं?”

“मी आता लिहून देतो. दोन्ही कार्डांचं. जे तेव्हा लिहायला हवं होतं ते.”

“कुणासाठी?” ती म्हणाली. “बापाला त्या माणसाच्या हाती विकायला मी नाव सांगू होय? आणि तुझी सही उजळ करायला? चल, वाट सोड.”

त्यानं आधाराला हात पुढे केला. तिनं कठडा धरला आणि एकेक पाऊल टाकत उतरून गेली.

कार्डाखाली ‘युर्किन्स नावाचा अज्ञात कॅचर’ अशी पाटी लागली. उन्हाळा सरल्यावर ते दूरदेशीच्या कुणीतरी विकत घेतलं. बर्नीनं समितीला जाऊन खरं काय ते सांगितलं; अध्यक्ष म्हणाले, घरचीच बाई नाही म्हणतेय, आम्ही काय करणार.

चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, शेजारच्याला शांती देण्याची वेळ आली, की मिस व्हेरा पुढच्या-मागच्या सगळ्यांचे हात हातात घ्यायची. बर्नीची पाळी आली की तिचं गाण्याचं पुस्तक खाली पडायचं, आणि ते उचलायला तिला फार वेळ लागायचा. पुढे पुढे बर्नी सकाळच्या पहिल्या मिस्सेला जाऊ लागला. तिथे त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे.