कोंबडीवरची नानकटाई

लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे जव्हारला आल्या, तेव्हा त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती. ती त्यांनी बाहेरच्या खोलीत दाराशीच ठेवली, मला काही उघडू दिली नाही. थोरल्या दिरांच्या घरून त्या अशीच पिशवी उचलून, न जेवता निघून आल्या होत्या, हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण एवढंच, की तिथे मटणाच्या पातेल्यात दुधातला डाव फिरला होता.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, ना ताटात, ना भांड्यात. म्हणून तर आमच्या रश्शाला नारळाचं दूध. नव्वदच्या दशकातल्या जव्हारात हे पाळणारं दुसरं घर मला तरी कधी सापडलं नाही. कुणी आम्हाला ख्रिश्चन समजे, कुणी मुसलमान, आणि मी शिकवायचे त्या शाळेत एका पाहुण्याला माझी ओळख चक्क जैन म्हणून करून दिली गेली. मी त्या दिवशी डब्यात कोंबडी नेली होती.

शेजारच्या ताई माझ्याच शाळेत शिकवायच्या. मूळच्या खोडाळ्याकडच्या, शेतकरी घरातल्या. आमच्यात शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लागतो आणि त्यानंतर चूल पेटत नाही, हे त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं. माझ्या माहेरून आलेला विजेचा गोल ओव्हन आम्ही दोघी वापरायचो. कधी त्यांची नानकटाई, कधी माझी कोंबडी. दिवस वेगळे ठेवायचो आणि मधे मी ओव्हन घासून, रिकामाच तापवून घ्यायची. हे सगळं कोंबडीचा वास नानकटाईला लागू नये म्हणून, अशी ताईंची समजूत. मी कधी जास्त खोलात गेले नव्हते.

त्या शुक्रवारी ह्यांनी खोडाळ्याच्या बाजारातली कोंबडी वाडवडिलांनी शिकवल्याप्रमाणे स्वतः कापली आणि मोखाड्याला नोकरीवर गेले. मी ती मीठ लावून ठेवली, रक्त निथळू दिलं, धुतली, नारळाच्या रसात घातली आणि झाकणाच्या भांड्यात ओव्हनमध्ये ठेवली. अर्धवट शिजली नाही तोच वीज गेली. ऊन कलायला लागलं तरी यायचं नाव नाही. त्यात दिव्याचं तेल संपलेलं. सासूबाई बाहेरच्या खोलीत पडल्या होत्या. वीज आली तर बटण दाबा, असं ताईंना सांगून मी दुकानाकडे पळाले.

परत येताना दुकानांतले पंखे फिरताना दिसले तेव्हा कुठे जिवात जीव आला. पण घराशी पोहोचले तर तुपाचा खमंग वास.

"आलात बाई? आता होईल बघा," ताई म्हणाल्या. "तुमची दिव्याची वेळ होत आली. मी म्हटलं, माझं पीठ मळलेलंच आहे, दोन्ही एकदमच उरकून टाकू."

"भांड्यावर झाकण आहे ना?"

"झाकणाची मूठ वरती लागत होती. ताटली बसंना. म्हणून झाकण काढलं नि नानकटाईची ताटलीच भांड्यावर ठेवली."

"पण ताई, त्यात दूध..."

"दूध कुठं घातलंय मी? नुसतं तूप आहे."

आमच्यात तूपही दुधातच मोजतात, पण ते कोंबडीत कुठे पडलं होतं? विचारावं तर कुणाला? आमचं प्रार्थनामंदिर राहिलं लांब ठाण्याला. जवळपास हे कळणारं एकच माणूस होतं, आणि नेमकी त्याचीच मला भीती वाटत होती. सांगितलं तर त्या पिशवी घेऊन निघतील. ताईंना वाईट वाटेल ते वेगळंच.

तेवढ्यात सासूबाईच आत आल्या. "तुपाचा वास येतोय गं."

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी फडक्याने ताटली उचलली. खालून ती वाफेने ओली झाली होती.

"झाकण असतं तर खाल्लं असतं," त्या म्हणाल्या. "आता वाफेने दोन्ही एक झालं, नाही चालायचं."

ताईंचा चेहरा उतरला. सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "बाई, दोन्ही तुम्ही घरी न्या. तुमच्यात चालतं, टाकायचं कशाला? तुमच्याकडे काय शिजलंय आज?"

"नागलीची भाकर नि उडदाचं वरण. तेल-मिठाचं. पावण्याला ते कसं द्यायचं?"

"तेच आणा, वरणाचं भांडं वेगळं असेल तर. फक्त दिवस मावळायच्या आत."

ताई लगबगीने गेल्या. सासूबाईही बाहेरच्या खोलीत गेल्या. पिशवी उचलल्याचा आवाज आला. ह्यांना तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

त्या पिशवी घेऊन परत स्वयंपाकघरात आल्या. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक झाकणाचं पातेलं त्यांनी बाहेर काढलं.

"तुझ्याकडे माझ्या पोटात काही जाईल याचा भरवसा नव्हता मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपला भात आपण वेगळा शिजवून घेऊ. वाटभर तोच घोर होता."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. त्यांनी माझ्या मांडणीवर मटणाच्या भांड्यांच्या बाजूला जागा केली आणि पातेलं तिथे ठेवलं.

"पुढच्या खेपेला मी आले की कोंबडी यात कर. याच्या झाकणाला मूठ नाही."