कोड्याच्या समासात

लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेर कारंज्याचं. वडील देवळातल्या भजनात पेटी वाजवत आणि संध्याकाळी मला पुढ्यात बसवून सूर शिकवत. सासरी गाणं नव्हतं. कुणाचा विरोध होता असंही नाही. एखाद्या घरात मांजर नसतं, तसं त्या घरात गाणं नव्हतं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. त्यांची शेती आसेगावला. कापसाचे भाव कळावेत म्हणून ते नागपूरचं एक दैनिक घेत. ते आगगाडीने येई, दुपारी टपालवाला ओट्यावर टाकी. मामाजी भाव वाचून ते बैठकीत ठेवून देत. संध्याकाळी कचेरीतून आले की हे, म्हणजे माझे यजमान, चहा घेत घेत ते चाळत. यांच्याशी माझं बोलणं जवळजवळ नव्हतंच. वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नाही, आणि पहिले काही महिने नव्या सुनेने सासूजवळ निजायचं, अशी त्या घरची रीत होती. मला ते पाठमोरेच जास्त ठाऊक होते. निघताना टोपी सारखी करायचे, तेवढं आठवतं.

त्या हिवाळ्यात त्या दैनिकाने रोज एक शब्दकोडं छापायला सुरुवात केली. सगळं गाण्याबजावण्याचं. राग, ताल, वाद्यं, सूर. एरवी मी पेपराकडे पाहिलंही नसतं. पण एका दुपारी बैठक झाडताना माझी नजर त्या चौकोनांवर पडली. आदल्या दिवशीचा अंक होता. यांनी पेन्सिलीने काही घरं भरली होती. ‘गजाने वाजवायचे वाद्य, तीन अक्षरे’. त्यापुढे यांनी मोठ्या डौलात लिहिलं होतं, ‘नगारा’.

गज म्हणजे हत्ती! हत्तीच्या पाठीवर नगारा ठेवतात, म्हणून नगारा! मी झाडू हातात धरून हसत सुटले. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले असेन.

आतून सासूबाईंनी विचारलं, “काहून हासून राह्यली वं?”

“काई नाई, आत्याबाई.”

“एकटी हासते अन् म्हन्ते काई नाई,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

पेन्सिल तिथेच होती. का कोण जाणे, मी समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘सारंगी’. पुसावं तर रबर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळीकडे निजानीज झाल्यावर मी बैठकीत गेले. माझ्या शब्दाखाली यांचं अक्षर होतं. ‘गज म्हणजे?’

मी लिहिलं, ‘घोड्याच्या शेपटीचे केस लावलेली काठी. ती तारांवर फिरवतात.’

तिथून ते सुरू झालं. ते रात्री कोड्यात जमेल तेवढं लिहीत आणि कडेला प्रश्न ठेवून जात. दुपारी मी उरलेली घरं भरी आणि उत्तरं लिही. बाहेरून कापसाच्या गाड्या जात, चाकांचा आवाज ऐकता ऐकता अर्धवट झोप यायची. कवाडाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी गादीवर पडे आणि हळूहळू सरकत कोड्यापर्यंत येई. काळे चौकोन, पांढरे चौकोन, त्यांत आमची दोन अक्षरं. यमन आडवा बसला की त्याच्या मधल्या ‘म’वरून मल्हार खाली उतरायचा. मला वाटायचं, हे घर आपण दोघं मिळून बांधत आहोत, एकेक खोली.

‘कोमल रे म्हणजे मऊ रे?’ एकदा त्यांनी विचारलं होतं. मी लिहिलं, ‘थोडा वाकलेला.’ मग त्यांनी विचारलं, ‘मल्हार पावसातच गातात?’ मी लिहिलं, ‘पाऊस नसला तरी गातात. तेव्हा जास्त आठवतो.’ हे वाचून त्यांना काय वाटलं ते मला कळलं नाही. पण त्या रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी वाढत होते, ती ताटाबाहेर पडली.

मामाजींच्या नजरेतून हे सुटणार नव्हतंच. एका संध्याकाळी ते यांना म्हणाले, “पेपरावर दोघायचं अक्षर दिसून राह्यलं.”

मी दाराआड थिजले.

“लिवा,” मामाजी म्हणाले, “पन कापसाच्या भावावर नका लिवू. मंग मले मागचे भाव वाचता येत नाईत.”

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिलीला छान टोक काढलेलं असायचं.

मग एक दिवस कोड्यात ‘जवारी’ हा शब्द आला. मला तो येत होता, तो मी भरला. यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘म्हणजे?’ मी लिहायला बसले आणि लिहिता येईना. तंबोऱ्याच्या तारा घोडीवर टेकतात, तिथे खाली धागा सरकवला की आवाज उघडतो. पण उघडतो म्हणजे काय? मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘हे ऐकावं लागतं.’

त्यावर काही दिवस उत्तर आलं नाही. मग एका रात्री हे मामाजींना म्हणाले, “बाबा, शिरपूरच्या धर्मशाळेत एक म्हातारे यात्रेकरू उतरले म्हन्ते. रोज तंबोरा घेऊन बसतात. कचेरीतले लोक सांगून राह्यले.”

मामाजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. “रईवारी बैलं रिकामेच हायेत,” ते म्हणाले. “सुनेले अन् तुह्या मायले घेऊन जा.”

“मी कायले?” सासूबाई म्हणाल्या. “माहे गुडघे दमणीत बसू देत नाईत. तुमीच जा.”

अशी मी यांच्याबरोबर पहिल्यांदा घराबाहेर पडले. पहाटे निघालो. दमणी हे स्वतः हाकत होते. शेतांवर धुकं होतं, तुरीची झाडं त्यात कमरेपर्यंत बुडालेली. इतके दिवस समासात एवढं बोललो, पण वाटेत दोघांनाही शब्द सुचेना.

शिरपूरच्या मंदिराजवळच्या धर्मशाळेत ते म्हातारे ओसरीवर उन्हात बसले होते. दूर देशाचे, हिंदी बोलणारे. यांनी हात जोडून आमचं काम सांगितलं. ते हसले. आधी त्यांनी तारा तशाच छेडल्या. आवाज कोरडा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. मग घोडीवरचा धागा नखाने किंचित सरकवला.

“अब सुनो, बिटिया.”

आणि तो आवाज उघडला. एका तारेतून दुसरी निघाली, दुसरीतून आणखी कितीतरी, कुणी न छेडलेल्या. ओसरी, खांब, समोरचं ऊन सगळं गुणगुणायला लागलं. मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. हे पुढे वाकून ऐकत होते, तोंड जरासं उघडं, लहान मुलासारखं.

परतताना हे म्हणाले, “हे तुले ठाऊक होतं?”

“हो.”

“अन् लिहिता नाई आलं?”

“नाई आलं.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “तुले गाता येते?” मी मानेनेच हो म्हटलं. ते पुढे तोंड करून बसले होते, त्यांना दिसलं नसणार. म्हणून मी गायलेच. आधी घाबरत, मग सरळ. बैलांनी चाल मंद केली की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. यांनी मात्र एकदाही चाबूक उचलला नाही.

त्यानंतर कोडं आम्हाला तेवढं लागलं नाही. आम्ही बोलू लागलो होतो. पुढे महिनाभरात दैनिकाने ते बंदही केलं आणि आमच्या ते चार दिवस ध्यानातच आलं नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी चुलीपाशी गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, “ऐकलं का?”

“ऐकलं, आत्याबाई.”

“कसं वाजते ते? मले बी सांग.”

मी त्यांच्याजवळ पाटावर बसले आणि तोंड मिटून सा धरला. त्या थापता थापता थांबल्या. मग भाकरी तशीच परातीत ठेवून, पिठाचे हात मांडीवर टेकून, त्यांनीही आपल्या जाड, खरखरीत आवाजात माझ्या सुराला सूर लावून पाहिला. आधी तो खाली राहिला. मग वर आला.